हिरव्या मुनियेचा आवाज घ्यायला गेले तेव्हा

धुळे

शैला मुलीकडे हैदराबादला कायमची राहायला गेली, त्यानंतर वर्षभर माझी माईकची बॅग कपाटावरून खाली उतरली नव्हती. आम्ही दोघींनी नाशिकला एकाच बँकेत, शेजारशेजारच्या टेबलांवर नोकरी केली. पक्ष्यांचे आवाज टिपायचा नाद आम्हाला तिथेच लागला. यंत्र माझं, नजर तिची. ती हाताने दाखवायची, डावीकडे, बाभळीच्या शेंड्याला, आणि मी तिकडे माईक वळवायचे. घरी माझी वाट बघणारं कुणी नाही आणि तिचे यजमान सतत फिरतीवर, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी आम्हाला अडवणारंही कुणी नव्हतं. असे कितीतरी आवाज जमले. हिरव्या मुनियेचा मात्र राहून गेला होता.

दिवाळी उलटल्यावर चोपड्याहून फोन आला. तिथे कॉलेजात शिकवणारे एक सर आमच्या ओळखीचे आहेत. सातपुड्याच्या पायथ्याशी एका गावाजवळ उसाच्या कडेला हिरव्या मुनियांचा छोटा थवा दिसतोय, म्हणाले, यायचं तर आत्ताच या. मी शैलाला फोन लावला. तिच्याकडे नातवाचं रडणं चालू होतं.

"तू जा ना एकटी," ती म्हणाली. "काय होतंय?"

पण तिच्या आवाजात थोडी काळजी होती. मला वाटलं, प्रवासाची असेल.

मी सरळ चोपड्याला न जाता आधी धुळ्याला उतरले, ते लाल मुनियेसाठी. दोघी सख्ख्या चुलतबहिणी. शास्त्रीय नावात दोघींचंही कूळ एक, आणि ते नाव पडलं अहमदाबादवरून. जुन्या काळी याच शहरातून पिंजऱ्यांत भरून त्या परदेशी जायच्या. लाल मुनियेचा नर विणीच्या दिवसांत पिकलेल्या बोरासारखा लालभडक होतो, वर पांढरे ठिपके. हिरवी पाठीवर ऑलिव्हसारखी हिरवट, पोटाला पिवळी, कुशीवर काळ्यापांढऱ्या पट्ट्या. चोच दोघींची लाल. एकाच हंगामात, एकाच यंत्रावर दोघींचे आवाज घेऊन शेजारी शेजारी ठेवायचे, असं मनात होतं.

सकाळी नकाणे तलावावर गेले. पाण्याच्या कडेला पाणकणीस माजलेलं, त्यामागे गवत. लाल मुनिया शोधायला लागतच नाहीत. गवताच्या बियांवर वीसपंचवीस जणी लोंबकळत होत्या. एक नर कणसाच्या टोकावर बसून मान वर करून गात होता. चोच उघडत होती, गळा थरथरत होता. मी कानांवर हेडफोन चढवला आणि माईक त्याच्याकडे धरला.

वाऱ्याची सळसळ आली. टिटवी ओरडली. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला. मुनिया आली नाही.

आवाज वाढवला तर वाराच मोठा झाला. वायर खराब झाली असणार, वर्षभर बॅगेत पडून होती. मी गावात आले, दुकान शोधलं. दुकानदाराने वायर दोन्ही टोकांनी तपासली, आपला माईक लावून बघितला, टेबलावर बोटाने टकटक केली.

"ताई, वायरला काही झालेलं नाही. मस्त चाललंय."

"मग बारीक आवाज का येत नाही?"

"बारीक म्हणजे कसा?"

मला सांगता आलं नाही. तरी मी नवी वायर घेतली.

जेवायला एका खानावळीत बसले. शेवभाजी मागवली. आमच्या नाशिकलाही तिखट खातात, पण इथला रस्सा डोळ्यांत पाणी काढतो आणि वाढणारा माणूस ते बघून खूश होतो. समोरच्या बाकावर एक कुटुंब बसलं होतं. त्यांतल्या बाईने न विचारता आपल्यातली कांद्याची फोड माझ्या ताटात ठेवली आणि पुन्हा मुलांकडे वळली. शैला असती तर तिने लगेच त्या बाईचं माहेर-सासर विचारून घेतलं असतं. मला तसं जमत नाही. मी कांदा खाल्ला आणि उठले.

संध्याकाळी नव्या वायरने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा वारा आला, पुन्हा टिटवी आली. यंत्रावरच्या, आवाज किती येतोय ते दाखवणाऱ्या पट्ट्या मधूनच टचकन वर उडत होत्या. मी म्हटलं, वाऱ्याच्या असतील.

शिरपूरवरून पुढे

धुळ्याहून शिरपूरची बस पकडली. सोनगीर गेलं, नरडाण्याचा फाटा गेला, मग तापीचा लांबलचक पूल. बस पुलावर आली की खिडकीजवळचे सगळे एकदा तरी पाण्याकडे बघतात. एका म्हाताऱ्या आबांनी टोपी काढून हात जोडले. शिरपूरला गाडी बदलली आणि पूर्वेकडे वळलो. डाव्या हाताला सातपुडा सोबतीला आला तो चोपड्यापर्यंत. नाशिककडचे डोंगर अंगावर येतात. सातपुडा तसा येत नाही. तो लांब, निळसर, बसकट असतो आणि बराच वेळ जागचा हलत नाही. दोन्ही अंगांना कापूस फुटलेला, मधेच केळीच्या बागा, मधेच ऊस.

शेजारच्या सीटवर कुणी नव्हतं. तिथे मी बॅग ठेवली होती. आम्ही दोघी असलो की बॅग मांडीवर घ्यावी लागे आणि शैला त्यावर कुरकुर करायची.

चोपड्याला सर स्टँडवर आले होते. चहा घेता घेता म्हणाले, "गावाचं नाव कुठे छापू नका. दोन वर्षांमागे असंच एकाने जागा सांगितली आणि जाळी लावणारे आले. कायद्याने बंदी आहे, पण चोरून विक्री होतेच."

म्हणून इथेही नाव देत नाही. वाचणाऱ्यांनी रागावू नये.

मी त्यांना विचारलं, लालही पकडतात, हिरवीही पकडतात, मग लाल एवढी कशी आणि हिरवी का नाही?

"लाल मुनियेला काहीही चालतं," सर म्हणाले. "तळं, नाल्याचं गवत, भाताचं शेत. इथून पार इंडोनेशियापर्यंत आहे ती. पिंजऱ्यातून सुटलेल्यांनी स्पेनमध्येसुद्धा संसार थाटलेत. हिरवी मात्र फक्त भारतात, तीही मधल्या पट्ट्यात, तुटक तुटक. जगातल्या यादीत लाल मुनियेपुढे लिहितात, काळजीचं कारण नाही. हिरवीपुढे लिहितात, असुरक्षित. पकडणारा हात एकच असतो. पण लालच्या थव्यातल्या दहा गेल्या तर थवा राहतो, हिरवीच्या दहा गेल्या तर जागाच रिकामी होते."

सरांना परीक्षेच्या कामामुळे येता येणार नव्हतं. त्यांनी मला रिक्षात बसवून दिलं. राहायची सोय कस्तुरबाई नावाच्या बाईंकडे केली होती.

पायथ्याचं गाव

कस्तुरबाई माझ्याहून लहान, पन्नाशीच्या आतबाहेर. उंच, हाडापेराने मजबूत, दोन्ही हातांत कोपरापर्यंत काचेच्या बांगड्या. मी रिक्षातून उतरायच्या आत त्यांनी बोलायला सुरुवात केली.

"या अक्का, या. मना घरवाला सुरतले शे, कारखान्यात. दिवाळीले उना, चार दिवस राहिना, गया. पोर दोंडाईचाले देल शे. आते मी एकलीच. बसा. च्या ठेवस."

नवरा दिवाळीला चार दिवस राहून सुरतेला परतलेला, मुलगी दोंडाईच्याला दिलेली, असं त्या अहिराणीत सांगत होत्या. त्या दिवसभर कापूस वेचायला जात. शेतावर बायका असत, तरी संध्याकाळी घरी आल्यावर बोलायला माणूस नसे. माझ्या रूपाने ते मिळालं. गावात लग्न कुणाचं ठरलं, म्हैस कुणाची मेली, सुरतेत खोलीला किती ढेकूण आहेत, सगळं त्यांनी मला चुलीपाशी बसवून सांगितलं. मला त्यातलं अर्धं समजत होतं. बाकीचं मी मान हलवून घेत होते. कळण्याची भाकरी होती, ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली, काळपट आणि खमंग. वर मिरचीचा ठेचा आणि त्यात मध्ये खळगा करून ओतलेलं शेंगदाण्याचं तेल. आमच्याकडे भाकरीवर लोणी देतात. मी तसं म्हटलं तर त्या म्हणाल्या, "लोणी पोटले जड. तेल बरं."

सकाळी त्याच मला उसाकडे घेऊन गेल्या. एका बाजूला उभा ऊस, दुसऱ्या बाजूला नाल्याकाठचं उंच गवत आणि घाणेरीची झुडपं. मधल्या बांधावर आम्ही बसलो. ऊन डोंगरावरून खाली आलं आणि थोड्याच वेळात हिरव्या मुनिया आल्या.

इतकी वर्षं पुस्तकांत बघितलेली ती चिमुकली गोष्ट समोर गवताच्या काडीवर होती. काडी वाकत होती आणि ती वाकण्याबरोबर खाली येत होती. पोटाचा पिवळा रंग उन्हात लिंबासारखा दिसत होता. आणखी सात-आठ जणी होत्या. एक नर घाणेरीच्या फांदीवर चढला, छाती काढली आणि गायला लागला.

मी हेडफोन चढवला. वारा होता. उसाची पानं एकमेकांवर घासत होती. लांब कुठेतरी पंप चालू होता. आणि माझ्या अगदी कानाशी कस्तुरबाईंचा आवाज होता.

"दखा, दखा. कशी बोली राहिनी."

मी हेडफोन काढला. "तुम्हाला ऐकू येतंय?"

"हां. तुमले येत नही का?"

मी यंत्राकडे बघितलं. तो नर गळा थरथरवत होता आणि पट्ट्या त्याच्याबरोबर टचटच उडत होत्या. गळा थांबला की पट्ट्या खाली येत. वारा सारखा चालू होता, त्याचं त्यांना काही नव्हतं. मी पुन्हा हेडफोन चढवला, आवाज पुरा वाढवला. उसाची पानं गरजायला लागली. मुनिया नव्हती.

वायर नवी होती. माईकला काही झालेलं नव्हतं.

"कसा आवाज आहे?" मी विचारलं.

कस्तुरबाईंनी जरा विचार केला. मग मनगट हलवलं आणि बांगड्या वाजवल्या. "असा. पण एकदम बारीक. दूर कोणी बांगड्या भरी राहिनं ना, तसा."

बांगड्या मला ऐकू आल्या.

मी तिथे किती वेळ बसले कोण जाणे. त्यांना कामावर जायचं होतं, त्या गेल्या. मी मुनिया गवतातून उसात आणि उसातून गवतात जाताना बघत राहिले. मला भीती वाटली नाही. वाटलं ते इतकंच, की मी काचेच्या अलीकडे बसले आहे, आणि ही काच आजची नाही. मागच्या किती फेऱ्यांमध्ये ती होती? सूर्यपक्षी मी शेवटचा केव्हा ऐकला होता? वटवट्या? मला आठवत होतं ते शैलाचं बोट. डावीकडे. बाभळीच्या शेंड्याला. मी बोटाकडे बघून माईक वळवत होते, आणि घरी आल्यावर लॅपटॉपवर आवाजाच्या आलेखात उमटलेल्या रेषा बघून समाधान मानत होते.

दुपारी घराच्या ओट्यावर बसून तिला फोन केला. बाळ झोपलं होतं, ती हळू बोलत होती.

"मुनिया मिळाली?" तिने विचारलं.

"मिळाली. यंत्राला मिळाली. मला नाही."

तिने दार हळूच लोटल्याचं ऐकू आलं.

"शैला, तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"तीनेक वर्षं असतील. गंगापूरच्या धरणावर तुझ्या डोक्यावर वटवट्या ओरडत होता आणि तू मला विचारलंस, आज एवढं शांत का आहे."

"आणि तू बोलली नाहीस."

"बोलले असते तर तू यायची बंद झाली असतीस. मला तुझा स्वभाव माहीत आहे. यंत्र विकून टाकलं असतंस." तिने आवाज आणखी खाली आणला. "मग मी कुणाबरोबर गेले असते?"

मला राग यायला हवा होता. तो आला नाही. ओट्यासमोर एक कोंबडी धुळीत अंग घुसळत होती, तिच्याकडे मी बघत होते.

"तिथे पक्षी आहेत का गं?" मी विचारलं. "तुझ्या तिकडे?"

"बाराव्या मजल्यावर? कबुतरं आहेत." मग म्हणाली, "डॉक्टरांकडे जा. आणि रागावू नकोस."

बाळ उठल्याचा आवाज आला आणि तिने फोन ठेवला.

मी लॅपटॉप उघडला. सकाळचं ध्वनिमुद्रण आलेखावर लावलं. हिरवी मुनिया होती. वरच्या टोकाला, चढ्या पट्टीचे आवाज उमटतात तिथे, बारीक उभ्या रेषांच्या रांगा, शेवटी दाट होत जाणाऱ्या. सुंदर होती. मी धुळ्याचंही लावलं. लाल मुनियाही होती. तिच्या रेषा सुट्या, विखुरलेल्या. दोघींचे आवाज शेजारी शेजारी ठेवायचे होते, ते पडद्यावर तसे पडले होते. कानांना दोन्ही सारख्याच होत्या. लाल पुष्कळ आहे, हिरवी थोडी आहे, हा फरक माझ्यापुरता उरला नव्हता.

मग सुचलं, वेग निम्मा करावा. वेग निम्मा केला की आवाजही खालच्या पट्टीत येतो. मी तसं केलं, हेडफोन लावला आणि डोळे मिटले. आणि ऐकू आली. घोगरी, ओढत ओढत येणारी एक शीळ, मध्ये थांबे, शेवटी लांबलेली थरथर. मला हुंदका आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

कस्तुरबाई कामावरून आल्या तेव्हा मी त्यांना बोलावलं. हेडफोन त्यांच्या पदरावरूनच कानांवर बसवला. त्या अगदी गंभीर होऊन ऐकत होत्या.

"हाई काय शे?"

"मुनिया. सकाळचीच. मी आवाज खाली आणलाय, मला ऐकू यावा म्हणून."

त्यांनी पुन्हा ऐकलं. मला वाईट वाटू नये म्हणून त्या शब्द शोधत होत्या, ते दिसत होतं. शेवटी हेडफोन काढून माझ्या हातात दिला.

"अक्का, हाई ती नही. हाई कोणी म्हातारी कण्ही राहिनी."

आम्ही दोघी हसलो. मी जरा जास्तच हसले. मग त्या चुलीकडे वळल्या आणि आज भरीत करू म्हणाल्या. हिरवी लांब वांगी काडीच्या जाळावर भाजायला ठेवली. कांद्याची पात मी चिरून दिली. कालच्यासारख्या त्या बोलत होत्या, पण मधूनमधून थांबून माझ्याकडे बघत होत्या. एकदा आवाज चढवून बोलल्या. मी म्हटलं, "तुमचं मला सगळं ऐकू येतं, कस्तुरबाई. मोठ्याने बोलू नका."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा सुरतेच्या ढेकणांवर आल्या.

निघायची सकाळ

दुपारी जळगावहून गाडी होती. मी सकाळी लवकर आवरून म्हटलं, मी एकदा बांधावर जाऊन येते. कस्तुरबाई म्हणाल्या, मीही येते, आज कामाला उशिरा गेलं तरी चालेल.

वाटेत मी त्यांना एक विनंती केली. कालच्या बऱ्याचशा ध्वनिमुद्रणात मुनियेबरोबर त्यांचंच बोलणं होतं. कुठे काकूच्या सुनेची गोष्ट, कुठे म्हैस. आज यंत्र चालू असेपर्यंत काही बोलू नका. त्यांनी पदराचं टोक तोंडावर धरून मान हलवली. मला ऐकू येवो न येवो, आवाज नीट घेऊन जायचा होता. उद्या ऊस तुटेल, गवत जाळतील, जाळी लावणारे येतील. कुणी विचारलं, इथे हिरवी मुनिया गात होती का, तर दाखवायला काहीतरी असावं.

आम्ही बांधावर बसलो. थंडी होती. मी यंत्र चालू केलं, माईक घाणेरीकडे रोखला आणि हेडफोन गळ्यात तसाच राहू दिला. तो कानांवर घेण्यात आता अर्थ नव्हता.

मुनिया आल्या त्या मला दिसल्या नाहीत. गवत अजून सावलीत होतं. कस्तुरबाईंना त्या आल्याचं कळलं. मला सांगायची त्यांना भारी घाई झाली आणि बोलायची तर बंदी. त्यांनी माझं मनगट पकडलं आणि त्यावर बोट टेकवलं.

टक. मग थोडं थांबून, टक टक.

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी भुवयांनीच घाणेरीकडे खूण केली. फांदीवर नर होता. आता ऊन त्याच्यावर आलं होतं. त्याची चोच उघडली आणि माझ्या मनगटावर बोट चालायला लागलं. कामाने राठ झालेलं बोट, पण अगदी हलकं पडत होतं. दोन सुटे. एक थांबा. मग तीन जवळ जवळ. मग गळा थरथरायला लागला, आणि बोट इतकं भरभर आणि इतकं बारीक पडायला लागलं की ठोके वेगळे कळेनात, कातडीवर नुसता एक शहारा फिरत राहिला. त्याने चोच मिटली. बोट थांबलं. पुन्हा चोच उघडली. पुन्हा दोन सुटे.

मी फांदीकडे बघणं सोडून दिलं. डोळे मिटले. कस्तुरबाईंचा श्वास शेजारी चालू होता आणि बांगड्या वाजू नयेत म्हणून त्यांनी दुसऱ्या हाताने त्या दाबून धरल्या होत्या. पानं सळसळत होती, पंप चालू होता, आणि माझ्या मनगटावर सातपुड्यातली हिरवी मुनिया गात होती. तिच्या पाठोपाठ लांबून दुसरी उत्तर देत असावी, कारण बोट मधेच सरकून मनगटाच्या पलीकडच्या बाजूला पडायला लागलं, हलकं, जरा उशिराने. मग पुन्हा अलीकडे. मग पलीकडे.

किती वेळ ते चाललं सांगता येणार नाही. मला शैलाची आठवण आली, आणि ती तशीच येऊ दिली.

मग बोट थांबलं. मी वाट बघितली. ते पुन्हा पडलं नाही, पण कस्तुरबाईंनी हात काढूनही घेतला नाही. मी डोळे उघडले तेव्हा घाणेरीची फांदी रिकामी होती आणि गवत जागच्या जागी हलत होतं.